मुसाशी आणि हाराच्या तटावरील दगड

१९५४ हे वर्ष जपानी चित्रपटसृष्टीला मोठे फळले. तोहो या एकाच चित्रसंस्थेने त्या वर्षी अकिरा कुरोसावा यांचा 'सात सामुराई', समुद्रातून उठणाऱ्या राक्षसी गोजिराचा पहिला चित्रपट आणि हिरोशी इनागाकी यांचा 'मियामोतो मुसाशी' असे तीन चित्रपट पडद्यावर आणले. पहिल्या दोहोंची नावे आज जगभर घेतली जातात. तिसऱ्याला त्या काळी अमेरिकेतील चित्रपट अकादमीने परभाषी चित्रपटांसाठीचे सन्मानाचे ऑस्कर दिले होते, हे आता फारसे कोणाच्या स्मरणात नाही. इनागाकी यांनी १९५५ व १९५६ साली त्याचे आणखी दोन भाग काढून कथा पूर्ण केली. तिन्ही भागांत मुसाशीची भूमिका तोशिरो मिफुने यांनी केली आहे. उर्मट, धसमुसळ्या खेडवळ पोराचा विचारी योद्धा कसा होतो, एवढाच या पाच तासांच्या चित्रकथेचा विषय आहे.

या चित्रपटाच्या कलागुणांविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही येथे लिहू इच्छितो ते त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या इतिहासाविषयी. तो इतिहास कॅथलिक वाचकाला परका नाही. किंबहुना चित्रपटाच्या चौकटीबाहेर चार पावले टाकली की जी माणसे भेटतात त्यांतील कित्येकांचे स्नानसंस्काराचे नाव आपल्याला उच्चारता येईल असे आहे.

प्रथम कथा. इ. स. १६०० साली सेकिगाहाराच्या मैदानात जपानचे राज्य कोणाचे याचा निकाल लागला. एका बाजूला तोकुगावा इएयासू, दुसऱ्या बाजूला इशिदा मित्सुनारी. ताकेझो आणि माताहाची हे एकाच गावचे दोन तरुण नाव मिळवण्याच्या हव्यासाने घर सोडतात आणि नेमके हरणाऱ्या पक्षाच्या फौजेत सामील होतात. पाऊस, चिखल, प्रेतांचे ढीग. जिवंत राहिलेले हे दोघे एका विधवेच्या घरी आसरा घेतात. रणात पडलेल्यांची शस्त्रे व कपडे चोरून विकणे हा तिचा उदरनिर्वाह. मातहाचीचे लग्न गावातील ओत्सूशी ठरलेले असते, पण तो या विधवेच्या मोहात पडून तिच्याबरोबर निघून जातो. ताकेझो एकटा गावाकडे परततो. मित्र जिवंत आहे एवढे त्याच्या आईला सांगावे हा त्याचा हेतू. मात्र वाटेत चौकीवर त्याची झटापट होते, माणसे मरतात, आणि गावाच्या दृष्टीने तो दरोडेखोर ठरतो. मित्राची आई त्याचे ऐकून घेण्याऐवजी त्याला पकडून देण्याच्या खटपटीला लागते. ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला, तेच गाव डोंगरात त्याची शिकार करू लागते.

त्याला पकडतो तो ताकुआन नावाचा बौद्ध भिक्षू. फौजफाटा घेऊन शिपायांना जे जमले नाही ते हा भिक्षू ओत्सूला बरोबर घेऊन, डोंगरात शेकोटी पेटवून आणि अन्न शिजवून साधतो. भुकेला, थकलेला ताकेझो आपण होऊन उजेडाकडे येतो. मग ताकुआन त्याला देवळाच्या आवारातील उंच झाडाला टांगतो आणि दिवसेंदिवस तसाच ठेवतो. ताकेझो शिव्या देतो, धमक्या देतो, पुढे रडतो. ओत्सू दया येऊन त्याला सोडवते. पण ताकुआन त्याला पुन्हा गाठतो आणि हिमेजीच्या किल्ल्यातील एका खोलीत पुस्तकांसह कोंडतो. तीन वर्षे. बाहेर पडतो तेव्हा त्याचे नाव मियामोतो मुसाशी झालेले असते. ओत्सू पुलाजवळ त्याची वाट पाहत थांबलेली आहे. तो तिला बरोबर नेत नाही. पुलावर क्षमायाचनेचे शब्द सोडून एकटाच वाटेला लागतो. येथे पहिला भाग संपतो.

धर्मगुरूच्या नजरेने पाहणाऱ्याला या कथेत ताकुआनचे पात्र सर्वांत मोलाचे वाटेल. त्याने ताकेझोला कायद्याच्या हाती दिले असते तर शिरच्छेद ठरलेला होता. नुसते मोकळे सोडले असते तर तो पशूच राहिला असता. या भिक्षूने दोन्ही टाळले. शिक्षा त्याने स्वतःच्या हाती घेतली, ती कठोर ठेवली, आणि शिक्षेच्या शेवटी पुस्तके ठेवली. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत आध्यात्मिक मार्गदर्शक एकांतवासाचे महत्त्व पुनःपुन्हा सांगत. त्या वयात ते आम्हांला पटत असे असे नाही. हिमेजीच्या किल्ल्यातील ती अंधारी खोली पाहताना मात्र त्यांच्या बोलण्याचा अर्थ चटकन उलगडतो. पापनिवेदनाच्या खुर्चीत वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला एवढे नक्की ठाऊक असते की, रागावलेल्या तरुणाला उपदेश देण्याच्या आधी थोडे गरम जेवण द्यावे लागते. शेकोटीचा तो प्रसंग लिहिणाऱ्याला माणसाची पारख होती.

तो प्रसंग लिहिला एइजी योशिकावा या कादंबरीकाराने. 'असाही शिंबून' या दैनिकात त्याची 'मियामोतो मुसाशी' ही कादंबरी १९३५ ते १९३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि घराघरांत वाचली गेली. ती चालू असतानाच, १९३७ साली, जपानने चीनवर मोठे युद्ध लादले. १९४० च्या सुमारास स्वतः इनागाकी यांनीच या कादंबरीवर पहिल्यांदा चित्रपट काढले. युद्धकाळातील त्या प्रेक्षकाला मुसाशीचा संयम व एकनिष्ठा रणांगणावर जाणाऱ्या शिपायाचा आदर्श म्हणून दाखवता येत होती. पुढे १९४५ चा पराभव आला. अमेरिकन लष्करी प्रशासनाने सरंजामी निष्ठा व सूडाची कथानके असलेल्या तलवारींच्या चित्रपटांवर निर्बंध घातले, ते प्रशासन १९५२ साली संपेपर्यंत अशा चित्रपटांना मोकळीक नव्हती. मोकळीक मिळताच इनागाकी पुन्हा मुसाशीकडे वळले, आणि या वेळी रंगीत चित्रफितीवर.

तेव्हा १९५४ साली चित्रपटगृहात बसलेला जपानी माणूस काय पाहत होता, याचा विचार करावा. कीर्तीच्या आशेने गेलेले दोन तरुण पराभूत होऊन चिखलातून सरपटत येतात. त्यातला एक घरी परततच नाही, दुसरा परततो तर गाव त्याला ओळख देत नाही. नऊच वर्षांपूर्वी लाखो शिपाई अशाच रीतीने मांचुरियातून, बर्मातून, पॅसिफिकच्या बेटांवरून परतले होते. आम्हांला वाटते, चित्रपटातील सेकिगाहारा हे त्यांच्यासाठी इ. स. १६०० चे मैदान राहिलेच नसेल. हरलेल्या, हातून हत्या घडलेल्या माणसाला पुन्हा माणूस होता येते काय, हा प्रश्न त्या काळच्या जपानचा स्वतःचा होता.

आता इतिहास. मातहाची, ओत्सू ही पात्रे कादंबरीकाराची. ताकुआन हा भिक्षू खरा. त्याचा जन्म १५७३ चा आणि मृत्यू १६४५ चा, म्हणजे मुसाशी ज्या वर्षी वारला त्याच वर्षीचा. परंतु त्याने मुसाशीला झाडाला टांगल्याचा काय, दोघे भेटल्याचाही विश्वसनीय पुरावा नाही. सेकिगाहाराच्या वेळी मुसाशी हरणाऱ्या पक्षात होता हेही कादंबरीने रूढ केले. त्याचे वडील कुरोदा घराण्याच्या पदरी होते, त्यावरून तो विजयी पक्षाकडून क्यूशू बेटावर लढला असावा असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात.

खुद्द मुसाशीने मात्र आपल्या आयुष्याविषयी थोडे लिहून ठेवले आहे आणि ते कादंबरीपेक्षा विचार करायला लावणारे आहे. 'गोरिन नो शो' म्हणजे पंचमंडलांचा ग्रंथ. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि शून्य या पाच प्रकरणांत तलवारीची व युद्धाची विद्या सांगणारा. त्याच्या आरंभी तो म्हणतो की, वयाच्या तेराव्या वर्षी आपण पहिले द्वंद्व लढलो, एकोणतिसाव्या वर्षापर्यंत साठाहून अधिक द्वंद्वे झाली, एकदाही हार झाली नाही. तिशी उलटल्यावर मागे वळून पाहिले तेव्हा त्याच्या ध्यानात आले की हे विजय आपल्या परिपूर्ण विद्येचे नव्हते. अंगचे कसब असेल, दैव असेल, किंवा समोरच्यांचे उणेपण असेल. मग त्याने आणखी साधना केली आणि पन्नाशीच्या सुमारास खरा मार्ग सापडला. आपल्या साऱ्या विजयांकडे इतक्या कोरडेपणाने पाहणारा वीर विरळा. ज्या सासाकी कोजिरोबरच्या द्वंद्वाने चित्रत्रयीचा शेवट होतो, त्याचे नावसुद्धा या ग्रंथात नाही.

मुसाशीचा जन्म १५८४ चा धरतात. म्हणजे पहिल्या द्वंद्वाच्या वेळचे वर्ष साधारण १५९६. त्याच हिवाळ्यात, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत वसईचा सुपुत्र, फ्रान्सिस्कन बंधू संत गोन्सालो गार्सिया होता. वसईच्या वाचकाला त्याची कथा सांगण्याची गरज नाही. उत्तम जपानी येत असल्यामुळे तो हिदेयोशीच्या दरबारात आपल्या धर्मबंधूंचा दुभाषा झाला होता, एवढे स्मरण पुरे. मुसाशीचा जपान आणि गोन्सालोचा जपान हा एकच देश होता, एकच दशक होते. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला उतरल्यापासून पन्नास-साठ वर्षांत तेथील ख्रिस्ती लोकसंख्या तीन लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. त्यांत शेतकरी होते, कोळी होते, आणि सामुराईही मोठ्या संख्येने होते. चित्रपटाच्या पाच तासांत त्यांचा मागमूस नाही. इनागाकी यांना दोष देण्याचे कारण नाही; कादंबरीचा मार्ग वेगळा होता.

पण सेकिगाहाराचे ते मैदान पुन्हा एकदा पाहू. हरलेल्या फौजेच्या सेनापतींत कोनिशी युकिनागा होता, स्नानसंस्काराचे नाव आगुस्तिन. क्यूशूमधील आमाकुसा बेटांसह मोठ्या जहागिरीचा तो धनी. पराभूत सरदाराने पोट चिरून मरावे ही सामुराईची रीत. आत्महत्या देवाच्या आज्ञेविरुद्ध आहे म्हणून युकिनागाने ती नाकारली, तो पकडला गेला आणि क्योतो येथे त्याचा शिरच्छेद झाला. समकालीन योद्ध्यांच्या दृष्टीने याहून लाजिरवाणे मरण नव्हते.

लढाईच्या काही आठवडे आधी ओसाका शहरात आणखी एक मृत्यू घडला. इशिदाच्या माणसांनी विरुद्ध पक्षातील सरदारांच्या कुटुंबीयांना ओलीस धरण्यास सुरुवात केली. होसोकावा तादाओकीची पत्नी तामा, ख्रिस्ती नाव ग्रासिया, हिच्या वाड्याला वेढा पडला. पतीची आज्ञा होती की शत्रूच्या हाती जायचे नाही. धर्माची आज्ञा होती की स्वतःचा जीव घ्यायचा नाही. अखेर घरच्या एका वृद्ध सेवकाच्या हातून तिने मरण स्वीकारले आणि वाडा पेटवून देण्यात आला. तिचा एक मुलगा तादातोशी तेव्हा तेरा वर्षांचा होता. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या काळात योद्ध्याच्या आत्मशोधाचे दुसरेही एक उदाहरण होते. ताकायामा उकोन, स्नानसंस्काराचे नाव जुस्तो. १५८७ साली हिदेयोशीने श्रद्धा सोड किंवा जहागीर सोड असे बजावले तेव्हा त्याने जहागीर सोडली. १६१४ साली त्याला देशातून हाकलले, तो कुटुंबासह मनिलाला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत तापाने वारला. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी ओसाका येथे ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. त्याच्यावर स्वतंत्र लेख व्हावा इतका तो मोठा आहे. येथे त्याचा उल्लेख एवढ्यासाठीच की, तलवार सोडणे ही त्या काळच्या सामुराईला कल्पनेपलीकडची गोष्ट नव्हती.

चित्रत्रयीचा शेवट १६१२ सालचा. एका छोट्या बेटाच्या किनाऱ्यावर, उगवत्या सूर्याच्या प्रकाशात, मुसाशी वल्ह्यापासून तासलेल्या लाकडी तलवारीने कोजिरोला मारतो. परतीच्या नावेत मिफुनेच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नाही, तो रडतो. आपण एका अनुपम कलावंताला मारले, हे त्याला कळले आहे. दुसऱ्या भागाच्या आरंभी एक वृद्ध भिक्षू त्याला बजावतो की तू बलवान आहेस, पण सामुराई नाहीस. त्या बोलण्याला हे अश्रू उत्तर आहेत. तिसऱ्या भागात तो काही दिवस शेतकऱ्यांबरोबर राहून जमीन कसतो, दरोडेखोरांपासून गावाचे रक्षण करतो. आत्मशोध पुरा झाला असे दिग्दर्शक सांगतो आणि पडदा पडतो.

खरा मुसाशी यानंतर तेहेतीस वर्षे जगला.

त्याच १६१२ साली तोकुगावांनी आपल्या खास मुलखात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. १६१४ साली ती सबंध देशाला लागू झाली. त्याच १६१२ साली क्यूशूमधील शिमाबारा द्वीपकल्पाचा ख्रिस्ती सरदार आरिमा हारुनोबु, ऊर्फ प्रोतासियो, एका लाचलुचपतीच्या प्रकरणात अडकून प्राणास मुकला. त्याचा मुलगा नाओझुमी, ज्याला मिगेल नावाने स्नानसंस्कार मिळाला होता, त्याने श्रद्धा टाकली आणि आपल्याच ख्रिस्ती प्रजेचा छळ आरंभला. थोड्याच काळात त्याला दुसऱ्या जहागिरीवर पाठवण्यात आले. शिमाबारा मात्सुकुरा घराण्याकडे गेले, आणि कोनिशीची आमाकुसा बेटे सेकिगाहारानंतर तेरासावा घराण्याकडे गेली होती. धनी गेले, प्रजा तीच राहिली. कोनिशी व आरिमा यांचे शिलेदार बेकार झाले. तलवार आहे पण मालक नाही अशा सामुराईला जपानी भाषेत रोनिन म्हणतात. चित्रपटातील मुसाशीही रोनिनच. पण तो वाटसरू होता, हे लोक त्या भूमीतच राहून शेती करू लागले.

मात्सुकुरांनी मुलखाच्या उत्पन्नाचा अंदाज फुगवून शेतसारा बसवला. सारा न देणाऱ्यांना गवताचे इरले पांघरून, हात बांधून, पेटवून देत. डच व्यापाऱ्यांनी याची नोंद केली आहे. त्यात दुष्काळ, त्यात धर्मत्यागाची सक्ती. १६३७ च्या डिसेंबरात शिमाबारा व आमाकुसा पेटले. पुढारी होते कोनिशीचे जुने शिलेदार. त्यांतीलच एकाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आमाकुसा शिरो हा त्यांनी नेता म्हणून पुढे केला. आरिमांनी सोडून दिलेल्या, समुद्राकाठच्या हारा किल्ल्यात हे लोक बायकामुलांसह शिरले. परंपरागत आकडा सदतीस हजारांचा आहे. त्यात सारेच ख्रिस्ती नव्हते, काहींना बळेच ओढून आणले होते, हेही नमूद केले पाहिजे. त्यांचा ध्वज आज आमाकुसाच्या संग्रहालयात जतन केलेला आहे: मध्यभागी चषक, वर ओस्ती, दोन बाजूंना गुडघे टेकलेले देवदूत, आणि माथ्यावर परमपवित्र साक्रामेंताची स्तुती करणारे पोर्तुगीज शब्द.

त्यांच्याविरुद्ध सव्वा लाखाच्या आसपास सरकारी फौज जमली. नव्या वर्षाच्या हल्ल्यात सेनापतीच ठार झाला. डच जहाजाने सरकारच्या बाजूने समुद्रातून तोफा डागल्या, ख्रिस्ती राष्ट्राच्या व्यापाऱ्यांना त्यात काही गैर वाटले नाही. किल्ल्यातील अन्न संपले, दारूगोळा संपला. १६३८ च्या एप्रिलमध्ये अखेरचा हल्ला झाला. तटावर चढणाऱ्या शिपायांवर आतल्या माणसांनी हाताला लागेल ते टाकले, दगडसुद्धा.

चढणाऱ्यांत मुसाशी होता. वय चोपन्न. त्याचा दत्तक मुलगा इओरी हा ओगासावारा सरदाराचा मोठा अधिकारी होता आणि बापलेक दोघेही त्या फौजेबरोबर आले होते. मुसाशीने पाठवलेले एक लहानसे पत्र जपले गेले आहे. त्यात तो कळवतो की दगडाचा मार लागून आपल्या पायाची नडगी दुखावली आहे, धड उभे राहवत नाही, म्हणून भेटीस येऊ शकत नाही. साठ द्वंद्वांत ज्याला कोणी हरवले नाही त्याला हाराच्या तटावरील दगडाने बसवले. आणि हे पत्र कोणाला लिहिले? आरिमा नाओझुमीला. एकेकाळचा मिगेल, ज्याच्या बापजाद्यांचा हा किल्ला, तो स्वतः आपल्या जुन्या प्रजेवर चालून आला होता.

आत्मशोधाचा चित्रपट पाहून भारावलेल्या मनाला या पत्राशी थांबावे लागते. पन्नाशीला खरा मार्ग सापडला असे मुसाशी लिहितो. हारा त्यानंतरचे आहे. ताकुआनने झाडावर टांगून जे शिकवले, बेटावरच्या अश्रूंनी जे शिकवले, शेतकऱ्यांबरोबर नांगर धरताना जे उमगले, ते सारे कादंबरीकाराचे म्हणून बाजूला ठेवले, तरी आपल्या विजयांची निर्दयपणे झाडाझडती घेणारा तो लेखक खरा आहे. त्या माणसाने तटावर उभ्या असलेल्या भुकेल्या शेतकऱ्यांकडे पाहिले तेव्हा त्याला काय दिसले? त्याच्या ग्रंथात हाराविषयी एक ओळ नाही. आम्ही त्याला आजच्या न्यायासनापुढे उभे करू इच्छित नाही. मुलगा ज्याचा चाकर, त्याच्या हाकेला जाणे हे त्या काळचे कर्तव्य होते. पण आत्मशोध म्हणजे मन शांत होणे, हात स्थिर होणे, भीती जाणे, एवढाच अर्थ घेतला तर त्या शांत मनाने आणि स्थिर हाताने माणूस कोठेही चढून जाऊ शकतो, अगदी हाराच्या तटावरही. मध्यंतरी आमच्या युवकांना ध्यानधारणेची फार गोडी लागलेली दिसते. ती चांगलीच आहे. फक्त ध्यानातून उठल्यावर पावले कोणत्या दिशेने जातात तेही पाहावे.

हारामधील लोकांविषयीही खरे तेच बोलले पाहिजे. ख्रिस्तसभेने नागासाकीच्या सव्वीस जणांना संतपद दिले, पुढे छळात मेलेल्या शेकडो जपानी श्रद्धावंतांना धन्यवादित म्हटले. हाराच्या मृतांना मात्र रक्तसाक्षी म्हटलेले नाही. त्यांनी शस्त्र उचलले होते आणि करांचे गाऱ्हाणे श्रद्धेत मिसळले होते. हा निर्णय योग्यच आहे असे आमचे मत. तरीही १९९२ पासून त्या जागी झालेल्या उत्खननात माणसांच्या हाडांसोबत बंदुकीच्या गोळ्यांचे शिसे वितळवून केलेले छोटे क्रूस सापडले आहेत, आणि ते पाहणाऱ्याला आपला निर्णय थोडा हळू आवाजात सांगावा लागतो. २०१८ साली त्या भग्न किल्ल्याचा समावेश नागासाकी परिसरातील गुप्त ख्रिस्ती स्थळांबरोबर जागतिक वारशात झाला.

पतनानंतर किल्ल्यात कत्तल झाली. आमाकुसा शिरोचे शिर कापले ते होसोकावा घराण्याच्या एका शिपायाने. त्या घराण्याचा तेव्हाचा प्रमुख होता तादातोशी, ग्रासियाचा मुलगा. दोनच वर्षांनी, १६४० साली, याच तादातोशीने मुसाशीला सन्मानाने कुमामोतोला बोलावून घेतले. उभा जन्म कोणाचा चाकर न झालेल्या मुसाशीला तेथे घर मिळाले, नेमणूक मिळाली, चित्रे काढायला निवांतपणा मिळाला. त्याची शाईची पक्षीचित्रे जपानमध्ये आजही नावाजली जातात. तादातोशी १६४१ साली वारला. दोन वर्षांनी मुसाशी गावाबाहेरच्या रेइगान्दो गुहेत जाऊन बसला आणि आकाशाला, बुद्धाला व करुणामूर्ती कान्नोनला वंदन करून त्याने ग्रंथ लिहायला घेतला. त्याच सुमारास क्यूशूच्या किनाऱ्यावरील गुप्त ख्रिस्ती घरांत पवित्र मरियेची मूर्ती म्हणून कान्नोनचीच मूर्ती ठेवू लागले होते. १६४५ च्या उन्हाळ्यात मुसाशी वारला. १६५४ साली इओरीने कोकुराजवळ त्याच्या पराक्रमांचा मोठा शिलालेख उभारला, तो आजही आहे.

हाराच्या वेढ्यात तोफांच्या कामावर असलेला आणखी एक सामुराई होता, सुझुकी शिगेनारी. त्याच्यावर कोणी गाजलेला चित्रपट काढलेला नाही. १६४१ साली सरकारने त्याला ओसाड झालेल्या आमाकुसाचा कारभारी नेमले. त्याने बंडात मेलेल्यांसाठी तोमिओका येथे स्मारकशिला बसवली, मोजणी नव्याने केली, आणि इथल्या जमिनीतून एवढा सारा निघणेच शक्य नाही, तो निम्म्यावर आणावा, असे एदोच्या दरबाराला वारंवार लिहिले. तो १६५३ साली वारला. १६५९ साली सारा निम्मा झाला. आमाकुसाच्या शेतकऱ्यांनी त्याचे देऊळ बांधले.